डोंगरवाटेने सायकलची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतीवर बोलते, कोणी बालसंगोपनावर, कोणी घरखर्चाच्या हिशेबावर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "ज्या गोष्टीचा तुम्हांला ध्यास लागला आहे, त्यावर बोला. पुस्तकी नको." म्हणून मी आज सायकलवर बोलणार आहे. हसू नका. बाजारातून भाजी आणायच्या सायकलवर नव्हे, तर डोंगरांतून, जंगलांतून, गावोगाव मुक्काम करीत हिंडण्याच्या सायकलवर. आणि ते बोलून झाल्यावर मंडळापुढे एक मागणे ठेवणार आहे.

माझा भाचा पुण्यास नोकरीला आहे. त्याला सायकलवरून हिंडण्याचा नाद. दिवाळीत आला तेव्हा त्याने आपल्या फोनवर मला स्पेन देशातील डोंगरवाटांची चित्रे दाखवली. मी विचारीत गेले, तो सांगत गेला. त्यानंतर मीही वाचनालयात बसून बरेच वाचून काढले. ऐकले-वाचले ते आपल्या भाषेत सांगते.

स्पेन हा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा देश. तिकडचे नाव काढले की आपल्याला मोठी शहरे आणि समुद्रकिनारे आठवतात. पण त्या देशाचा आतला भाग डोंगराळ आहे. पाइनची जंगले, खडकाळ दऱ्या, मेंढरांची कुरणे, आणि मध्ये मध्ये दगडी घरांची लहान गावे. तिकडे १९५० ते १९७० या काळात खेड्यांतील माणसे माद्रिद, बार्सिलोना, वॅलेन्सिया अशा शहरांत कारखान्यांच्या कामाला निघून गेली. जी गेली ती परतली नाहीत. शाळा बंद पडल्या, दुकाने बंद पडली, कित्येक गावांत म्हातारीकोतारी तेवढी राहिली. तेरुएल नावाच्या जिल्ह्याच्या आसपास इतकी कमी वस्ती उरली आहे की, एका चौरस किलोमीटरमागे आठ माणसेही भरत नाहीत. तेथील लोकांनी १९९९ साली एक चळवळच उभी केली. तिचे नाव आपल्या भाषेत सांगायचे तर "तेरुएल आहे!" असे. म्हणजे, आम्हांला विसरू नका, आम्ही अजून आहोत.

त्याच डोंगरांतून आता सायकलस्वारांची एक वाट काढलेली आहे. तिचे नाव "मोंटान्यास बासियास", म्हणजे "ओस डोंगर". ही वाट सुमारे ६८० किलोमीटर आहे आणि बहुतेक कच्च्या रस्त्यांनी, जंगलांतून जाते. ती काढण्यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही. जुन्या गाडीवाटा, मेंढपाळांच्या वाटा, वनखात्याचे रस्ते एकमेकांना जोडून नकाशा केला, आणि कोणत्या गावी पाणी मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे रात्री अंग टेकता येईल हे त्यात लिहिले. लोक येऊ लागले. आलेला माणूस दमलेला असतो, भुकेलेला असतो. मोटारीतला माणूस खिडकीतून बघून पुढे जातो, पण सायकलवाल्याला उतरावेच लागते. तो गावच्या झऱ्यावर बाटली भरतो, दुकानात पाव घेतो, ओट्यावर बसलेल्या आजीशी बोलतो. ओस गावाला एवढ्याने पुन्हा पहिले दिवस येत नाहीत, हे खरे. पण बंद होऊ घातलेल्या दुकानाचा एक दिवस चालतो. गावाला आपण अजून कोणाच्या तरी नकाशात आहोत असे वाटते. हे थोडे नव्हे.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून आवडली. त्या देशात बंद पडलेल्या आगगाडीच्या पुष्कळ वाटा होत्या. रूळ उखडले गेले होते, बोगदे आणि पूल तसेच उभे होते. १९९३ सालापासून त्यांनी या वाटा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी तयार करायला घेतल्या. त्यांना ते "हिरव्या वाटा" म्हणतात. आज अशा वाटा ३,००० किलोमीटरांहून अधिक आहेत. त्यांतील एकीचे नाव "तेलाची हिरवी वाट". ती १२८ किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही बाजूंना जैतुनाच्या बागाच बागा आहेत. पूर्वी या मार्गाने जैतुनाचे तेल वाहून नेत, म्हणून गाडीलाही तेलाची गाडी म्हणत. दुसरी एक वाट डोंगरातून जाते, पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, सुमारे ३६ किलोमीटर. तिच्यावर तीस बोगदे आहेत आणि चार मोठे पूल आहेत. गंमत अशी की, त्या मार्गावरून आगगाडी कधी धावलीच नाही. १९२०च्या दशकात काम काढले, पुढे ते अर्धेच राहिले. ज्या वाटेने गाडी गेली नाही, त्या वाटेने आज लहान मुले आणि आजोबा सायकलवर जातात. वाटेत एक मोठा कडा आहे, त्यावर गिधाडांची वस्ती आहे, ती बघायला लोक थांबतात. जुन्या स्टेशनांच्या इमारतींत खानावळी आणि राहण्याची सोय केली आहे.

आता यातले मर्म सांगते. आगगाडीला मोठा चढ सोसत नाही. म्हणून तिची वाट डोंगरातून नेताना फार हळूहळू चढवतात, नाहीतर डोंगर फोडून बोगदा करतात. त्यामुळे डोंगरात असूनही ती वाट सोपी असते. जिला जोर नाही, सराव नाही, तीही त्यावरून जाऊ शकते. म्हणजे डोंगरात हिंडणे हे केवळ पहिलवानाचे काम नाही, वाट कशी निवडली यावर ते आहे.

हे वाचल्यावर माझ्या मनात आले, अशी वाट आपल्याकडे नाही का? आणि बायांनो, आहे की! आपण कोणाच्या अंगणात बसलो आहोत ते आठवा. पूर्णा नदीवरचे हे येलदरीचे धरण १९५८ ते १९६८ या काळात उभे राहिले. खालच्या अंगाला सिद्धेश्वरचे धरण झाले. येलदरीने पाणी साठवायचे, सिद्धेश्वरने ते अडवून कालव्यात सोडायचे, अशी त्यांची वाटणी. सिद्धेश्वरहून निघालेला कालवा वसमत, परभणी, नांदेडच्या शिवारांत जातो. पाणी आपल्या पायाने चालावे म्हणून कालव्याला अगदी थोडा उतार दिलेला असतो, आणि त्याच्या काठाने देखरेखीची वाट असते. जी गोष्ट आगगाडीच्या वाटेची, तीच कालव्याच्या काठाची. सोपी, सावकाश, पाण्याच्या सोबतीने जाणारी. पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन, धोक्याच्या जागा सोडून, आपल्या मुलींना शिकायला याहून चांगली जागा कोणती?

आणि पुढे चढायचे असेल तर डोंगर आहेतच. जिंतूरजवळ तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची जैन लेणी आहेत. चारठाण्याची जुनी देवळे आपल्याच तालुक्यात. पश्चिमेला मंठ्याच्या पुढे लोणार सरोवर. आकाशातून उल्का पडून ते झाले. त्याचे विवर पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद आहे, आणि २०२० साली जगातील महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत सरोवराचे नाव आले. पूर्वेला औंढा नागनाथ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मानलेले. त्या वाटेने आपले साग, पळस, धावडा, मोहा, सीताफळी. दिवाळीनंतर गेले तर पाणी असते आणि हवा गार असते. होळीच्या सुमारास गेले तर पान नाही, पण पळस असा पेटलेला असतो की डोळे निवतात. परदेशी माणसे ज्यासाठी विमानाने जातात ते आपल्या उंबऱ्यापासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर आहे. आणि आपल्यातल्या किती जणींनी ते पाहिले? औंढ्याला जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो, दर्शन घेतले आणि परत आलो. वाट कोणी पाहिली?

ओस गावांची गोष्ट सांगितली, तीही आपल्याला परकी नाही. या धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हाची म्हातारी माणसे त्यांची नावे घेऊन डोळे पुसत. आजही दिवाळी सरली की तांड्या-वाड्यांवरून ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात, घराला कुलूप लागते, मागे आजी आणि एखादे नातवंड राहते. चार सायकली गावातून गेल्याने ऊसतोड थांबेल असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. पण आजीच्या हातची भाकर आणि पिठले विकत घेणारे कोणी आले, तर तिच्या पदरी चार पैसे पडतील, आणि तिला बोलायला माणूस मिळेल.

आता मुख्य अडचणीकडे येते. "बायकांनी सायकलवर डोंगरात? हे कोठले नवे खूळ?" मला हे कितीदा ऐकावे लागले आहे. मी चाळिशी उलटल्यावर सायकल शिकले, तेव्हा एका शेजारणीने विचारले की, "आता सर्कशीत जाणार काय व माय?" मी रागावले नाही. पण उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज देते.

सायकलवर दूर जाणे नवे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सारी फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. साडेचार वर्षांच्या आसपास ते वाटेवर होते, सुमारे ७१,००० किलोमीटर झाले. वाळवंटे, डोंगर, जंगले, सारे त्यांनी त्या काळच्या साध्या सायकलींवर पार केले.

तुम्ही म्हणाल, ते पुरुष. तर आता एका बाईचे ऐका. डर्व्हला मर्फी, आयर्लंडची. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले, आणि तिने मनाशी ठरवले की एक दिवस सायकलवर हिंदुस्थानात जायचे. पण आई आजारी, अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती आईची सेवा करीत राहिली. सोळा-सतरा वर्षे अशी गेली. आई गेल्यावर जानेवारी १९६३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ती एकटी निघाली. बर्फातून, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करीत त्याच वर्षी जुलैत दिल्लीस पोहोचली. सायकलचे नाव तिने "रोझ" ठेवले होते. स्पेनच्या प्रसिद्ध कादंबरीतील डॉन किहोटेच्या घोड्याच्या नावावरून ते घेतले होते. पुढे तिने पुष्कळ पुस्तके लिहिली, आणि २०२२ साली नव्वदाव्या वर्षी ती वारली. भगिनींनो, मला तिच्या अफगाणिस्तानापेक्षा ती सोळा-सतरा वर्षे अधिक मोठी वाटतात. घरच्यांची सेवा करताना जिने आपले मागणे मेलेले मानले नाही, तिच्यापुढे मी हात जोडते. तशा बायका या सभेतही बसलेल्या आहेत.

आणि आपली मराठी मुलगी? पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ साली, वीस वर्षांची असताना, जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून चौदा देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवीत १५९ दिवसांनी ती डिसेंबरात कलकत्त्याला पोहोचली. वाटेतला बराचसा प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागले, रशियात बर्फात तंबू ठोकून रात्री काढल्या. आणि ज्या स्पेनचे मी इतके कौतुक केले, त्याच स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटले. हे मी मुद्दाम सांगते. आयांना गोड गोड सांगून फसवण्यात अर्थ नाही. जगात वाईट माणसे आहेत, परदेशातही आणि इथेही. पण ती मुलगी तेथून परत घरी आली नाही, पुढे गेली. धोका आहे म्हणून मुलीला घरात ठेवायचे की धोका ओळखायला शिकवून बाहेर पाठवायचे, हा विचार आपण करायचा आहे. घरात ठेवलेल्या मुलीला धोका नसतो, असे छातीवर हात ठेवून सांगणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

एकटीदुकटीचे सोडा. तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा दुष्काळी जिल्हा आहे. १९९१-९२ साली तेथे साक्षरतेची चळवळ झाली. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तेव्हा तेथे कलेक्टर होत्या. त्यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवायलाही उत्तेजन दिले. हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाई. लोकांनी टोमणे मारले, बायकांनी ऐकून घेतले आणि पायडल मारले. पाणी आणायला, माल बाजारात न्यायला, पोरांना दवाखान्यात न्यायला त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. याला मी खरे शिक्षण म्हणते.

आणि अगदी घरातले उदाहरण हवे असेल तर आपल्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी बाई, आज सारा महाराष्ट्र तिला संत म्हणतो. नामदेवांचे जन्मगाव म्हणून शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी प्रसिद्ध आहे, आणि ते तर पायी पंजाबापर्यंत गेले. आषाढीला आपल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन शेकडो मैल पायी चालतात. रात्री शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या ओवरीत झोपतात. त्यांना कोणी नाव ठेवते का? उलट पाया पडतो. आता तर नाशिकहून सायकलस्वारांची वारी पंढरपूरला जाते. चालणाऱ्या बाईला मान, मग पायाखाली चाक आले की मान जातो कोठे?

"पण साडीचे काय?" असे काही जणी विचारतात. आपल्या आज्या-पणज्या काष्टा घालून शेतात राबल्या, घोड्यावर बसलेली राणी आपण पूजतो. काष्ट्याची साडी चालते, सलवार चालते. मधली दांडी खाली वाकवलेली बायकांची सायकल मिळते. फक्त पदर आणि ओढणी कमरेला खोचून घ्यावी, चाकात जाऊ देऊ नये.

आता ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी. साधा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. साधी सायकल सपाटीवर बारा ते पंधरा किलोमीटर सहज जाते, चढावर त्याच्या निम्मी. तेव्हा दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर ठरवावे आणि दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. गिअरची सायकल असेल तर चढाला मागचे मोठे चक्र घ्यावे. पाय जास्त वेळा फिरतात, पण जोर कमी लागतो. भरलेली मोठी घागर एकदम ओढण्यापेक्षा लहान कळशीच्या चार खेपा करतो, तसेच हे. बैठक अशी असावी की पायडल खाली गेले की पाय जवळजवळ सरळ व्हावा, नाहीतर गुडघे दुखतात. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबत थोडे सोडत यावे. पुढचा ब्रेक एकटा जोरात दाबला तर माणूस डोक्यावरून जातो.

खाणे आपलेच उत्तम. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. धपाटा दोन दिवस टिकतो आणि पोटाला आधार देतो. पाणी मात्र तहान लागायच्या आधी प्यावे. घाम फार आला किंवा जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा. मीठ मोजूनच घालावे, अंदाजाने नको. सोबत हवेचा पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पट्टीचा कापूस आणि फोन. मोठ्या रस्त्याला ट्रक फार, तेथे एकामागे एक, कडेने चालावे. दिवेलागणीनंतर सायकल चालवू नये. उन्हाळ्यात तर मराठवाड्यात निघूच नये.

आता माझे मागणे. आपल्या वसाहतीतल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या सात मुलींनी माझ्याजवळ हट्ट धरला आहे. हिवाळ्यात त्यांना सायकलवर औंढा नागनाथला जायचे आहे. पहिल्या दिवशी येलदरीहून जिंतूर, नेमगिरी पाहून जिंतुरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी जिंतूर ते औंढा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, तेथे मुक्काम. एक दिवस विसावा, मग त्याच वाटेने परत. घरच्यांनी नकार दिला आहे. नकाराचे कारण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत नाही.

पण त्या मुली हट्ट का धरतात, हे बहुतेकांना ठाऊक नाही. त्यांच्यातील दोघींची दहावी झाली आहे. पुढच्या वर्गाला जिंतूरला जावे लागते, पंधरा-सोळा किलोमीटर. गाडी कधी वेळेवर येते, कधी येतच नाही. परवा त्यांतल्या एकीच्या वडिलांनी सांगितले, "गाडीचा भरवसा नाही, पोरगी घरीच राहील. स्थळे बघायला लागू." त्या मुलीला गणितात पंच्याऐंशी मार्क आहेत. तिने मला विचारले, "काकू, मी औंढ्यापर्यंत सायकल चालवून दाखवली, तर जिंतूर काय मोठे? मग तरी बाबा जाऊ देतील का?" मला काय उत्तर द्यावे सुचेना. म्हणून ते उत्तर मी या सभेकडे मागते आहे. ही सहल मौजेची आहे, मी नाही म्हणत नाही, पण एका मुलीच्या शाळेचा निकाल तिच्यावर टांगलेला आहे.

मंडळाने एवढे करावे. एक, मंडळाच्या नावाने ही सहल काढावी, म्हणजे ती एका मुलीचा आगाऊपणा राहणार नाही. दोन, आपल्यातील दोन प्रौढ बायांनी सोबत जावे. एक मी आहे, दुसरी पाहिजे. तीन, सायकली गोळा कराव्यात. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना मिळालेल्या काही सायकली घरांत धूळ खात पडल्या आहेत, एका दिवसाच्या दुरुस्तीत त्या चालू होतील. चार, पुढचे दोन महिने रविवारी सकाळी सराव. पाच, वाटेत कोठे पाणी, कोठे सावली, कोठे पंक्चरवाला, कोणत्या गावी ओळखीचे घर, हे मुलींनी वहीत लिहून आणावे. स्पेनमधल्या त्या वाटेचा नकाशा असाच झाला. मुलींच्या वहीतून आपल्या वाटेचा पहिला नकाशा होईल.

आणि एक, जे घरी राहणाऱ्या बायाही करू शकतात. अधूनमधून परभणीकडून, कधी आणखी लांबून, हौशी सायकलवाले या बाजूला येतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला एक रांजण भरून ठेवावा, वर पाटी लावावी, "पाणी प्या, बसा, येलदरी महिला मंडळ." कोणी जेवण मागितले तर ठरलेल्या दराने पिठले-भाकर द्यावी. येणाऱ्याला पाणी देणे हा आपला जुना धर्म. आणि जिच्या दारातून परक्याची मुलगी पाणी पिऊन पुढे जाते, तिला आपल्या मुलीला दारात अडवणे अवघड जाईल, अशी माझी समजूत आहे.

वडीलधाऱ्यांनो, तुम्ही मागे बसून सारे ऐकले. तुमची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती आमचीही आहे. त्या काळजीतून कुलूप करायचे की सोबत करायची, एवढेच ठरवायचे आहे. बैठक संपल्यावर चिटणीसबाईंच्या टेबलावर वही ठेवली आहे. सोबत येणाऱ्या दुसऱ्या बाईने आणि ज्या पालकांची परवानगी आहे त्यांनी सही करावी. वही रात्री नऊपर्यंत तेथे राहील.